परसबागेत फुलपाखरांची खाद्यझाडे



चार फुलझाडे लावली की फुलपाखरे वाढतात, असा समज आहे. परंतु फुलांतील मध हे मोठ्या फुलपाखराचे अन्न होय. अळी पाने खाते आणि तीही बहुधा ठरावीक झाडांचीच. मादी तेच झाड शोधून अंडी घालते. ते झाड नसेल, तर फुलपाखरू मध पिऊन निघून जाते.

ही झाडे आपल्या ओळखीचीच आहेत. रुईवर केशरी रंगाच्या, काळ्या कडांच्या फुलपाखराची अळी वाढते. रुईचे विष अंगात साठल्याने पक्षी त्याला टाळतात. तरोटा व बहावा यांवर पिवळी-पांढरी फुलपाखरे अंडी घालतात. पानफुटीची अळी पानाच्या आत शिरून खाते. सीताफळावर काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेले फुलपाखरू येते. पहिला चांगला पाऊस झाल्यावर यांची लागवड करावी. पानफुटीच्या तीन-चार कुंड्या ठेवाव्यात. एक कुंडी अळ्या लवकरच फस्त करतात.

आता संत्रा बागाईतदारांसाठी महत्त्वाचे. लिंबू व गोडनिंबावर वाढणारे काळे-पिवळे फुलपाखरू हे संत्र्यावरील कीड आहे. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते. ती कोवळी पाने खाते. मोठ्या झाडाला थोड्या अळ्यांनी फारसा फरक पडत नाही, पण रोपवाटिकेतील रोपे निष्पर्ण होतात. म्हणून ज्यांची रोपवाटिका किंवा नवी बाग घराजवळ आहे, त्यांनी फुलपाखरांसाठी गोडनिंब वाढवू नये. रुई, तरोटा, पानफुटी निवडावी. या झाडांवरील वर सांगितलेल्या अळ्या संत्र्याकडे वळत नाहीत. रोपांवरील अळ्या हाताने वेचाव्यात. इतरांनी मात्र गोडनिंब खुशाल लावावा. सन २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेल्या ब्ल्यू मॉरमॉनची अळीही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढते.

परसबागेत कीटकनाशक फवारू नये. शेजारच्या सोयाबीनवर फवारताना वाऱ्याची दिशा पाहावी. रुईचा चीक डोळ्यांना घातक असल्याने ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर लावावी.

पाने कुरतडलेली दिसली की लगेच पंपाकडे धावू नका. आधी अळी कोणती आणि झाड कोणते, ते पाहा.