डोंगरातील मुक्काम

(डोंगराळ भागातील ग्रामपंचायत सदस्य व प्राथमिक शिक्षक यांच्या शिबिरात केलेले भाषण)



डोंगरात पायी हिंडणाऱ्या प्रवाशांच्या मुक्कामाच्या जागेविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे. रस्ते, पाणीपुरवठा, शाळाखोल्या अशा प्रश्नांनी ज्यांची डोकी भरलेली आहेत, त्यांना हा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. चार तंबू आणि एक चूल, यात बोलण्यासारखे ते काय, असेही कोणी म्हणेल. परंतु या चार तंबूंच्या पोटात पाण्याचा, स्वच्छतेचा, वनाचा आणि गावाच्या मानाचा प्रश्न दडलेला आहे, असा माझा अनुभव आहे. त्या अनुभवात माझी स्वतःची एक चूकही आहे. तीही मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात सह्याद्रीचा एक फार उंच भाग येतो. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि त्यांच्या पायथ्याशी प्रवरेवर १९२६ साली पुरे झालेले भंडारदरा धरण ही नावे आपणा सर्वांच्या परिचयाची आहेत. या परिसरातील एका लहानशा वाडीत सुमारे अठरा वर्षांपूर्वी मी प्रथम मुक्काम केला. वाडीचे नाव मी मुद्दामच सांगत नाही. त्याचे कारण ओघाने कळेल.

साधेपणाची श्रीमंती

त्या वेळी मी नोकरीत नवा होतो. पौष महिन्यातील दिवस होते. भात निघून गेल्यामुळे खाचरे मोकळी झाली होती. बांधाने वेढलेले, सपाट, कोरडे असे एक खाचर आम्हा पाच जणांना दाखवून एका मावशींनी सांगितले, "हितं पडा. वारं लागायचं नाही." आम्ही दोन तंबू ठोकले. रात्री नाचणीची भाकरी, पिठले आणि लसणाची चटणी मिळाली. पाणी वाडीच्या झऱ्याचे. दिवा म्हणाल तर चुलीतला जाळ, आणि तो विझल्यावर आकाशातील तारे.

त्या रात्रीचे काय सांगावे? शांतता म्हणजे आवाजाचा अभाव, अशी माझी शहरी समजूत होती. ती तेथे गळून पडली. दूरच्या ओढ्याचा आवाज येत होता, गोठ्यातील गुरांच्या गळ्यातील घंटा मधूनच वाजत होती, रानातून एखादा रातवा ओरडत होता. आवाज पुष्कळ होते, पण त्यांत एकही अनावश्यक नव्हता. सकाळी निघताना मावशींच्या हातावर पैसे ठेवले, तेव्हा त्यांनी जेवणाचे तेवढे घेतले आणि जागेचे परत केले. म्हणाल्या, "जिमिनीवर निजायचं का पैसं घ्यायचं असत्यात?"

मुक्काम ही कल्पना आपल्याला परकी नाही. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांचे मुक्काम शतकानुशतके पडत आले आहेत. गावोगावचे पार, देवळांचे सभामंडप, धर्मशाळा हे सारे पायी चालणाऱ्यासाठीच होते. विसाव्या शतकात गो. नी. दांडेकरांसारख्या लेखकांनी गडकिल्ल्यांची ओढ मराठी तरुणांना लावली, आणि या जुन्याच पाहुणचाराच्या आधाराने तरुणांच्या पिढ्या सह्याद्रीत हिंडल्या.

शिक्षकांना रुचेल अशी एक परदेशातील गोष्ट सांगतो. जर्मनीतील रिचर्ड शिरमान नावाचे शिक्षक १९०९ साली विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीस निघाले असता वादळात सापडले. एका खेड्यातील शाळेत त्यांनी पेंढ्यावर ती रात्र काढली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग त्यांत चालणाऱ्या मुलांनी का निजू नये, असा साधा विचार त्यांच्या मनात आला. त्यातूनच १९१२ साली आल्टेना येथील किल्ल्यात युवकांचे वसतिगृह निघाले आणि पुढे ती चळवळ जगभर पसरली. तिचा आरंभ कोरडी जमीन, डोक्यावर छप्पर आणि थोडा पेंढा एवढ्या भांडवलावर झाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

माझी चूक

पहिल्या मुक्कामानंतर पाच-सहा वर्षांनी त्या वाडीविषयी मी एक लेख लिहिला. माहिती अधिकाऱ्याचे कामच ते. वाडीला चार पैसे मिळावेत, हा हेतूही प्रामाणिक होता. झऱ्याचे वर्णन केले, वळणावळणांची वाट सांगितली, आणि ज्येष्ठात पहिल्या पावसाच्या आधी झाडांवर लखलखणाऱ्या काजव्यांविषयी तर दोन परिच्छेद खर्च केले. कचरा कोठे टाकावा, शौचास कोठे जावे, पाणी किती आहे, याविषयी मात्र एक ओळही लिहिली नाही.

दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात, शनिवारी संध्याकाळी, मी पुन्हा तेथे गेलो. वाडीच्या अलीकडे दोन किलोमीटरवर वाहनांची रांग लागलेली होती. खाचरांत मोटारी उभ्या होत्या, आणि ज्या बांधांनी पावसाचे पाणी अडवायचे ते चाकांखाली ढासळले होते. जनरेटरची घरघर चालू होती, ध्वनिक्षेपकावर गाणी वाजत होती. ज्या झाडांवर काजवे लागतात त्यांच्या खाली माणसे विजेऱ्या घेऊन उभी होती. झऱ्याच्या वरच्या अंगाला काय झाले होते, त्याचे वर्णन या सभेत करणे योग्य होणार नाही.

मावशी आता थकल्या होत्या. त्यांनी मला ओळखले. रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "साहेब, तुम्ही लिवलं ते चांगलंच लिवलं असंल. पन आमच्या झऱ्याचं पानी आता आमीच पीत न्हाई. सुनंला खालच्या हिरीवर जावं लागतंय."

सगळी गर्दी माझ्या एका लेखाने आली असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे हाही अहंकारच होईल. परंतु जे बोलावणे धाडले गेले त्यात माझी सही होती, आणि येणाऱ्याला शिस्तीचा एक शब्दही मी सांगितला नव्हता, हे नाकारता येत नाही.

मुक्कामाला काय लागते

यावरून मी जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवतो. चांगल्या तळाला फार वस्तू लागत नाहीत, मात्र ज्या लागतात त्यांत हयगय चालत नाही.

पहिली गोष्ट पाणी. घाटमाथ्यावर पाऊस अफाट पडतो, तरीही तेथील वाड्या चैत्र-वैशाखात पाण्यासाठी वणवण करतात. उतार तीव्र आणि खाली काळा कातळ, त्यामुळे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. अशा ठिकाणी झरा ही वाडीची तिजोरी होय. म्हणून मुक्कामास किती माणसे येऊ द्यावीत, हे जागा किती आहे यावरून न ठरवता उन्हाळ्यात झरा किती देतो यावरून ठरवावे.

दुसरी गोष्ट शौचकूप. तो झऱ्यापासून व विहिरीपासून निदान शंभर पावले दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. दोन खड्ड्यांचा साधा शौचकूप यासाठी उत्तम. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरावा. बंद खड्ड्यातील मैल्याचे साधारण वर्ष-दीड वर्षात खत होते. याला ना मोठा खर्च, ना यंत्रसामग्री.

तिसरी गोष्ट कचरा. आणलेली वस्तू वापरणाऱ्यानेच परत न्यावी, हा नियम एक. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे. परंतु कायदा डोंगर चढून वर येत नाही, तो कोणीतरी वर न्यावा लागतो. वाडीत शिरताना पिशव्या-बाटल्या मोजाव्यात आणि निघताना पुन्हा मोजाव्यात.

चौथी गोष्ट विस्तव. माघ-फाल्गुनापासून डोंगरावरचे गवत वाळून कोळ होते आणि एका ठिणगीने वणवा पेटतो. चूल ठरलेल्या जागी, दगडांच्या आत, गावाने दिलेल्या लाकडावरच पेटावी आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून विझवावी.

पाचवी गोष्ट अंधार आणि शांतता. या दोहोंसाठी पैसा लागत नाही, आणि एकदा गेल्या की कितीही पैसा ओतून त्या परत आणता येत नाहीत. काजव्यांचेच पाहा. तो प्रकाश म्हणजे नराने मादीला दिलेली हाक असते. मादी प्रकाशानेच उत्तर देते आणि त्यातून पुढची पिढी निपजते. प्रखर दिव्यांत ही हाक ऐकूच जात नाही, असे म्हटले तरी चालेल. त्यांच्या अळ्या ओल्या मातीत गोगलगाईंसारख्या जिवांवर वाढतात, आणि ती मातीच शेकडो पायांखाली तुडवली जाते. म्हणजे ज्याला पाहावयास आपण जातो, त्याचाच निर्वंश करून परततो.

हे कोणी करावे

हे काम ग्रामसभेने करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीवाचून मुक्काम करता येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. अकोले तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथील ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी आपली साधनसंपत्ती सांभाळण्याचा अधिकार दिलेला आहे. अधिकार नाहीत, अशी स्थिती नाही. ते वापरण्याची सवय लागावयाची आहे.

त्या वाडीने ती सवय लावून घेण्यास आरंभ केला आहे. तेथे ग्रामसभा भरली, आणि ती सोपी नव्हती. हंगामात चहा-नाश्ता विकून ज्या तरुणांनी कर्ज फेडले होते ते उठून म्हणाले, "गर्दी थांबवली तर आम्ही काय खायचं?" हा प्रश्न खोटा नव्हता आणि त्याला पूर्ण समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही. अखेर असे ठरले की, एका रात्री ठरावीक लोकांनाच जागा द्यावयाची, वाहने शिवेबाहेर ठेवावयाची, जनरेटर व ध्वनिक्षेपक आणू द्यावयाचा नाही, जेवण प्रत्येक घराने पाळीपाळीने द्यावयाचे, आणि जागेचे भाडे पंचायतीकडे जमा करून त्यातून झरा व शौचकूप यांची निगा राखावयाची. माणसे कमी आली तरी ती थांबतात, जेवतात, वाट दाखवणाऱ्याला सोबत नेतात. गर्दी मात्र आपला डबा घेऊन येते आणि त्याचे कागद ठेवून जाते, हा फरक त्या तरुणांनाही हळूहळू दिसू लागला आहे.

शिक्षकांकडे माझी एक विनंती आहे. आपल्या शाळेतील मुलांना वर्षातून एकदा अशा साध्या मुक्कामावर न्या. ज्या मुलाने एकदा स्वतःच्या हाताने चूल विझवली, खड्डा बुजवला आणि काळोखात न घाबरता तारे पाहिले, त्याला मोठेपणी स्वच्छतेवर व्याख्यान द्यावे लागणार नाही.

गेल्या पौषात मी पुन्हा त्या वाडीत एक रात्र काढली. तेच खाचर, बांध नव्याने घातलेला. आमच्याखेरीज दोन तंबू होते. झऱ्याभोवती दगडांचे कुंपण झाले आहे. पाणी पिण्याजोगे झाले की नाही हे तपासणीनंतरच कळेल. मावशींची सून अजून खालच्या विहिरीवरच जाते. सारे पूर्ववत झाले असे मी आपल्याला सांगणार नाही. पण रात्री गुरांच्या घंटा पुन्हा ऐकू आल्या.

सकाळी निघताना मावशींनी विचारले, "साहेब, औंदा परत लिवनार का?" मी म्हणालो, "लिहीन, मावशी. पण नाव न घेता." त्या हसल्या. या वेळी जागेचे पैसे मात्र त्यांच्या सुनेने पावती देऊन घेतले, आणि ते देताना मला समाधान वाटले.

त्या वाडीचे नाव मी का सांगितले नाही, हे आता आपल्या लक्षात आले असेल. ते सांगण्याची गरजही नाही. आपणा प्रत्येकाच्या पंचायतीच्या हद्दीत असा एखादा झरा, एखादे खाचर, एखादा काळोखाचा तुकडा अद्याप शिल्लक असेल. पाहुण्याला बोलावण्यापूर्वी आपले घर आपण पाहून घेतो. तसेच या जागाही आधी पाहून घ्या, नियम घाला, आणि मग खुशाल पाहुण्यांना बोलवा. माझे लिहिण्याचे काम मी त्यानंतरच करीन.