उतारवयातील वाचक आणि संगीताचे मासिक

संगीताचे मासिक ही वस्तू मुळातच थोडी विसंगत होय. जी कला कानाची, तिची सेवा हे मासिक डोळ्यांच्या द्वारे करू पाहते. तरुणपणी ही विसंगती जाणवत नाही, कारण त्या वयात कान आणि डोळे दोघेही हुकमाचे ताबेदार असतात. साठी उलटली म्हणजे मात्र असा प्रसंग येतो, की दोन स्वरांत राग ओळखणाऱ्या जाणकाराला त्याच रागाची छापलेली बंदिश दिव्याखाली धरूनही वाचता येत नाही. तो तक्रार करीत नाही. ‘आता वाचवत नाही’ एवढेच म्हणतो आणि अंक फळीवर ठेवून देतो.

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात या फळीवर ठेवलेल्या अंकाला एक वेगळा अर्थ आहे. पैनगंगेच्या पलीकडे महाराष्ट्र आणि अलीकडे हा जिल्हा, अशी आजची सीमा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा याच जिल्ह्यातील राजुरा आणि किनवट हे भाग मुंबई राज्याकडे गेले. बेला, जैनथ या बाजूची मराठी घरे मात्र जिथल्या तिथे राहिली. सरकारदरबारची भाषा निजामी अमदानीत उर्दू होती, पुढे ती तेलुगू झाली. घरातील मराठी ओवीत, अभंगात आणि भजनात टिकून राहिली. आज अशा अनेक घरांतील नातवंडे तेलुगू किंवा इंग्रजी शाळेत जातात. त्यांच्यापुढे देवनागरी मराठी अक्षर येते ते बहुधा आजोबांच्या पोथीतून आणि आजोबांकडे येणाऱ्या अंकातून. आजोबांना अंक वाचता आला नाही, तर त्या घरात तो कोणीच वाचत नाही.

हा आजोबा म्हणजे कोणत्या काळचा माणूस? पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचा आरंभ १ एप्रिल १९५५ रोजी झाला. त्या वर्षी जो दहा वर्षांचा होता, त्याने २०२५ साली ऐंशी वर्षे पुरी केली. त्याचे सारे संगीतशिक्षण आधी कानाने झालेले आहे. कागद मागाहून आला. म्हणून छापलेले पान त्याला नवलाईची वस्तू वाटत नाही. ऐकलेले पडताळून पाहण्याचे ते त्याचे साधन आहे, आणि साधनाविषयी जो काटेकोरपणा असतो तोच त्याच्या ठिकाणी असतो.

हा काटेकोरपणा स्वरलिपीच्या बाबतीत किती आवश्यक आहे, हे एका उदाहरणावरून दिसेल. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ येते. मंद्र सप्तकातील स्वराला खाली टिंब, तार सप्तकातील स्वराला वर टिंब. तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. आता मालकंसाची बंदिश घ्यावी. तिच्यातील निषादाखालची रेघ पुसट उमटली आणि वाचकाने तो निषाद शुद्ध वाचला, की मालकंसाच्या जागी चंद्रकंस उभा राहतो! टिंब निसटले तर सूर एका सप्तकाने उडी मारतो, आणि कागदावरचा एखादा काळा कण टिंबासारखा दिसला तर नसलेली उडी पदरी येते. ज्याचा कान तयार आहे तो मालकंसात फसणार नाही. परंतु अपरिचित रागात, नव्या बंदिशीत, त्याला कागदावरच भरवसा ठेवावा लागतो. कथेच्या पानावर एखादी मात्रा दिसली नाही तर वाक्य तिला सांभाळून घेते. स्वरलिपीत सांभाळून घेणारे कोणी नसते.

डोळ्यांचे म्हणाल तर चाळिशीनंतर भिंगाची लवचीकता कमी होते, एवढे सर्वांना ठाऊक आहे. ‘चाळिशी’ हे चष्म्याचे नावच त्यावरून पडले. त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की वयानुसार डोळ्याची बाहुली आकसते आणि भिंग पिवळसर होते. विशीतील डोळ्याच्या पडद्यावर जितका प्रकाश पोचतो, त्याच्या सुमारे एकतृतीयांशच साठीतील डोळ्याच्या पडद्यावर पोचतो. म्हणजे ओसरीवरचा एकच दिवा नातवाला पुरतो, आजोबाला पुरत नाही. पिवळसर भिंगातून निळ्या छटा मंदावतात. गुळगुळीत, चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप पडते आणि तीच ओळ दिसेनाशी होते. असे असता फिकट निळ्या शाईत, तंबोऱ्याच्या चित्रावर अभंगाचे शब्द छापण्याची हौस अनेक सजावटकारांना असते. पान दुरून शोभते. वाचायला घेतले की तंबोराच तेवढा दिसतो.

खरे पाहता मराठी मुद्रणाला हे ज्ञान नवे नाही. १८६९ साली जावजी दादाजींनी मुंबईस निर्णयसागर छापखाना काढला, त्या काळापासून पोथ्यांसाठी ठळक आणि मोठा टाइप वापरण्याची चाल आहे. आडवी, सुटी पाने, भरपूर समास, काळीभोर शाई आणि मांडीवर किंवा चौरंगावर सपाट राहणारा आकार. पोथीच्या मुखपृष्ठावर ‘वृद्धांसाठी’ असे कोणी छापले नाही, आणि वृद्धाला ती वाचताना कमीपणा वाटला नाही. इंग्रजीत मोठ्या अक्षरांची पुस्तके सामान्यतः सोळा पॉइंट किंवा त्याहून मोठ्या टाइपात असतात. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांना जागा द्यावी लागते. त्यामुळे त्याच पॉइंटात मूळ अक्षर लहान होते. स्वरलिपीत तर त्या खाली-वर टिंबांची भर. म्हणून तेथे ओळींमधील अंतर हात आखडून ठेवले, की वरच्या ओळीचे टिंब कोणते आणि खालच्या ओळीचे कोणते याचा निवाडा भिंग घेऊन करावा लागतो.

मोठ्या टाइपाने डोळा सुखावतो. मन ओढले जाते ते चित्राने आणि नावाने. विलायतेत १९७८ साली ‘स्मॅश हिट्स’ नावाचे नियतकालिक निघाले. त्यात तरुणांसाठी चालू गाण्यांचे शब्द आणि भडक रंग असत. ते २००६ साली बंद पडले. १९९३ साली ‘मोजो’ निघाले, ते वयाने प्रौढ झालेल्या रसिकांसाठी. त्याच्या पहिल्या मुखपृष्ठावर बॉब डिलन आणि जॉन लेनन होते. लेनन तर १९८० सालीच मारला गेला होता! प्रौढ वाचक आजच्या बातमीपेक्षा आपल्या ऐकण्याचा इतिहास विकत घेतो, हे त्या संपादकांनी ओळखले होते. आपल्याकडे १९४७ पासून निघालेल्या ‘संगीत कला विहार’चे संपादक प्रा. बी. आर. देवधर यांनीही थोर गायकांची चरित्रे लिहून हीच भूक भागविली.

मात्र अशा वाचकाला अपुरी चित्रओळ खपत नाही. मोरपिसांचा मुकुट घातलेल्या नर्तकाच्या छायाचित्राखाली ‘आदिवासी नृत्य’ एवढेच छापले, तर पुण्याच्या वाचकाचे कदाचित भागेल. आदिलाबादचा वृद्ध विचारील, हा गुसाडी ना? कोणत्या गावचा? कोणत्या दिवाळीचा? पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मार्लवाईचे कनक राजू यांना २०२१ साली गुसाडी नृत्यासाठी पद्मश्री जाहीर झाली आणि २०२४ साली ते निवर्तले. त्यांना नाचताना पाहिलेली माणसे या मुलखात आहेत. नाव, गाव आणि साल, इतके चित्राखाली ठळक अक्षरांत आले तर तो अंक घरात चार दिवस हातोहात फिरतो.

शेवटी एक अगदी ऐहिक गोष्ट. हा वाचक अंक रद्दीत घालीत नाही. बारा अंक साठले म्हणजे तो ते शिवून घेतो. म्हणून आतला समास रुंद हवा, नाही तर शिवणीत प्रत्येक ओळीचा पहिला स्वर गडप होतो. पेटीवर उघडा ठेवलेला अंक आपणहून मिटणार नाही, अशी बांधणी हवी. आणि डिसेंबरच्या अंकात वर्षाची सूची हवी, रागवार आणि तीही मोठ्या टाइपात. ती नसली, की एका बंदिशीसाठी बारा अंक चाळावे लागतात, आणि तेवढ्यात मंडळी टाळ घेऊन दारात येऊन उभी राहतात.