रोजच्या जाण्यायेण्याची सायकल : सांगाड्याची निवड

सायकलीच्या दुकानांत शिरलेल्या गिऱ्हाइकाचें लक्ष प्रथम जातें तें रंगाकडे, मग गिअरांच्या संख्येकडे आणि अखेरीस किंमतीच्या चिठ्ठीकडे. ज्या भागावर त्या खरेदीचें सारें यशापयश अवलंबून असतें तो सांगाडा, म्हणजे दुकानदारांच्या बोलींतील ‘फ्रेम’, समोर असूनहि पुष्कळदां दिसत नाहीं. चाकें बदलतां येतात, गादी बदलतां येते. हँडल, पायडलें, साखळी हीं झिजल्यावर नवीं बसवितां येतात. सांगाडा बदलला कीं मात्र सायकलच बदलली. म्हणून जो निर्णय पुढें फिरवितां येत नाहीं, त्याचा विचार सर्वांत आधीं व्हावा हें उचित होय.

निवड चुकल्यास होणारा तोटा केवळ पैशाचा नसतो. पांच किलोमीटरांवरच्या कचेरींत जो मनुष्य स्वतःच्या पायांच्या बळावर रोज जाऊं शकला असता, तो महिनाभर मान व मनगटें दुखवून घेतो आणि पुन्हा रिक्षाकडे वळतो. सायकल हें आपल्या वयाचें किंवा आपल्या शहराचें वाहन नव्हे, अशी त्याची कायमची समजूत होते. आणि घरांतील इतर माणसेंहि तिच्या वाटेला जात नाहींत. दोष यंत्राचा नसतो, मनुष्याचाहि नसतो. एकाच्या कामासाठीं घडविलेला सांगाडा दुसऱ्याच्या गळ्यांत पडलेला असतो, इतकेंच.

आज सर्वत्र दिसणाऱ्या सांगाड्याचा इतिहास फार लांब नाहीं. इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथील जॉन केंप स्टार्ली यानें १८८५ मध्यें ‘रोव्हर’ नांवाची सायकल पुढें आणली. तत्पूर्वींच्या मनुष्यभर उंच चाकाच्या धोकादायक सायकलीऐवजीं तिला बेताच्या उंचीचीं दोन चाकें होतीं, आणि मागचें चाक साखळीनें फिरत असे. १८८८ मध्यें डनलॉप यानें हवा भरलेल्या टायरचें पेटंट घेतलें. त्यानंतर थोडक्याच वर्षांत, दोन त्रिकोण पाठीला पाठ लावून ठेवावे अशा आकाराचा सांगाडा रूढ झाला, आणि सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटलीं तरी तो मुळांत बदललेला नाहीं. याचें कारण भूमितींत आहे. चार काड्यांची चौकट दाबली असतां तिरपी होते. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र काडी मोडल्याशिवाय आपला आकार सोडीत नाहीं. म्हणून थोड्या धातूंत पुष्कळ ओझें पेलण्याचें सामर्थ्य त्यांत येतें.

भारतांत पोस्टमन, दूधवाले, शाळामास्तर आणि गिरणीकामगार यांची पिढ्यान् पिढ्या सेवा करणारी उंच, काळी सायकल ही या त्रिकोणाचीच एक भारदस्त आवृत्ति. तिच्या दोन चाकांच्या आंसांमधील अंतर सुमारें ११५ सेंटिमीटर असतें; पुढची नळी व चिमटा बरेच मागें कललेले असतात. या लांबीमुळें खड्ड्याचा धक्का अंगापर्यंत येतांना मवाळ होतो, आणि कॅरिअरवर ओझें असलें तरी हँडल हातांत स्थिर राहतें. अधिक ओझ्यासाठीं वरच्या नळीखालीं दुसरी नळी घातलेला ‘डबल बार’ सांगाडाहि याच परंपरेंतला. मुंबईचे डबेवाले डब्यांचें ओझें हँडलाला व कॅरिअरला लावून ज्या सायकली हांकतात, त्या या जातीच्या कां, हें यावरून कळून येतें. परंतु या सायकलीचे दोषहि उघड आहेत. ती जड असते, आणि चढावर तिचें वजन जाणवतें. पावसांत ओल्या पोलादी धांवेवर तिचा ब्रेक नीट धरीत नाहीं. शिवाय ती उंच असते. लहान मुलें नळीखालून, त्रिकोणांतून पाय घालून सायकल शिकत, हें चित्र गोड असलें तरी सांगाडा चालविणाऱ्याच्या मापाचा नव्हता याचाच तो पुरावा होता.

याच्या उलट टोकाला शर्यतीच्या वळणाचा सांगाडा आहे. त्याच्या आंसांमधील अंतर शंभर सेंटिमीटरांच्या आसपास आणि पुढच्या नळीचा जमिनीशीं कोन सुमारें ७३ अंश असतो. तो वळतो चपळ, पळतो हलका; पण त्याच्या चिमट्यांत अरुंद टायरच मावतो, मडगार्डास जागा नसते, आणि कॅरिअर बसविण्याची भोकें पुष्कळदां मुळींच नसतात. डोंगरी सायकलीचा सांगाडा भक्कम व मोठ्या टायराचा खरा. परंतु तिच्या पुढच्या चिमट्यांतील स्प्रिंगा स्वस्त किंमतींत केवळ वजन वाढवितात, आणि कांहीं पावसाळ्यांनंतर त्या गंजून बसतात. रोजच्या जाण्यायेण्यासाठीं हीं दोन्ही टोकें सोडून मधला मार्ग पत्करावा. आंसांमधील अंतर १०४ ते ११० सेंटिमीटर आणि पुढच्या नळीचा कोन ७० ते ७२ अंश, असा सांगाडा गर्दींत पुरेसा वळतो आणि सामान लादल्यावर डगमगत नाहीं.

अशा सांगाड्याची उपयुक्तता त्याच्यांतील रिकाम्या जागांवरून ओळखावी. टायर जितका रुंद तितकी त्यांत हवा अधिक, आणि हवा जितकी अधिक तितका खडबडीत रस्ता सुसह्य. शहरांतील फरशीठोकळ्यांच्या व उखडलेल्या डांबराच्या रस्त्यांस ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचा टायर योग्य होय. त्यावर मडगार्ड बसावयाचें म्हटलें, म्हणजे चिमट्याची आंतील रुंदी ५० मिलिमीटरांच्या आसपास हवी. जून ते सप्टेंबर चार महिने चिखल उडविणाऱ्या प्रदेशांत मडगार्ड ही शोभेची वस्तु नव्हे. तें नसेल तर कचेरींत जाणाऱ्याची पाठ आणि सायकलीची साखळी दोन्ही सारखींच माखतात. मागच्या आंसाजवळ मडगार्ड व कॅरिअर यांसाठीं आंटे पाडलेलीं स्वतंत्र भोकें आहेत कीं नाहींत, हें बोट लावून पाहावें. मागच्या दोन आडव्या नळ्या पायडलाच्या आंसापासून निदान ४३ सेंटिमीटर लांब असल्या, तर कॅरिअरच्या बाजूस लटकविलेल्या पिशवीला टांच लागत नाहीं. पुढेंहि असेंच पाहावें. एक पायडल पूर्ण पुढें ठेवून चाक वळवावें. बुटाचें टोक चाकास किंवा मडगार्डास घासत असेल, तर गर्दींत हळू वळतांना पडण्याचा धोका आहे.

ब्रेकांचाहि सांगाड्याशीं निकटचा संबंध आहे. तबकडीचा ब्रेक, म्हणजे डिस्क ब्रेक, पावसांत भरवशाचा ठरतो. परंतु त्याची बैठक चिमट्यावर व सांगाड्यावर कारखान्यांतच केलेली असते. ती नसेल तर मागाहून तो ब्रेक बसविणें सोपें नाहीं. चाकाच्या मापाविषयीं तर फार सावध राहावें. जुन्या उंच सायकलीचा २८ इंची टायर आणि हल्लीं २८ इंची म्हणून विकला जाणारा टायर हे एक नव्हेत; पहिल्याच्या कडेचा व्यास ६३५ मिलिमीटर, तर दुसऱ्याचा ६२२ मिलिमीटर असतो. २६ इंचांतहि ५५९ आणि ५९० अशीं भिन्न मापें आहेत. टायराच्या बाजूवर ‘३७-६२२’ अशा जोडीनें जो आंकडा छापलेला असतो त्यांतील दुसरी संख्या खरी मानावी, आणि त्या मापाचे टायर घराजवळच्या दुकानांत मिळतात याची खात्री करून घ्यावी.

आतां मापाचा प्रश्न. जुन्या सायकलींस २२ इंची, २४ इंची असें म्हणत. हें माप पायडलाच्या आंसापासून गादीच्या नळीच्या माथ्यापर्यंतचें. गादी वरखालीं करतां येत असल्यानें उंचीची चूक थोडीबहुत सुधारतां येते, पण गादीपासून हँडलापर्यंतच्या लांबीची चूक सहसा सुधारत नाहीं. गादीवर बसून हँडल धरलें असतां कोपरें किंचित् वांकलेलीं राहावीं, भार मनगटांवर न पडतां बैठकीवर पडावा, आणि तोल न जातां मागें वळून पाहतां यावें. सपाट बूट घालून दोन्ही पाय जमिनीवर टेकले असतां वरची नळी अंगाखालीं दोनतीन सेंटिमीटर मोकळी असावी. वाहनांच्या रांगेंत क्षणोक्षणीं थांबावें लागणाऱ्या मनुष्याला ही मोकळीक म्हणजे सुरक्षितताच होय.

येथेंच खुल्या सांगाड्याचा विचार ओघानें येतो. वरची नळी खालीं उतरविलेली सायकल ‘लेडीज’ या नांवानें ओळखली जाते, आणि त्या एका नांवापायीं कित्येक पुरुष तिच्याकडे पाहातहि नाहींत. वास्तविक मागच्या बैठकीवर मूल बसलें असेल, अथवा कॅरिअरवर भाजीची पिशवी उंच बांधली असेल, तर पाय मागून टाकून चढणें स्त्रीपुरुषांना सारखेंच कठीण. साडी नेसणारी गृहिणी, गुडघे कुरकुरणारे आजोबा आणि कॉलेजांत जाणारी मुलगी यांना एकच सायकल वापरावयाची असेल, तर खुला सांगाडा हाच त्या घराला उपयोगी. नेदर्लंड्समध्यें तर असे सांगाडे रोजच्या वापरांत सर्रास दिसतात. अर्थात् वरची नळी गेली म्हणजे त्रिकोण मोडला. म्हणून त्या सांगाड्याच्या नळ्या अधिक जाड असाव्या लागतात. डोक्याच्या नळीपासून थेट मागच्या आंसापर्यंत दोन बारीक नळ्या तिरप्या नेण्याची एक रचना आहे, ती ही उणीव बरीच भरून काढते. खुला सांगाडा घेण्यापूर्वीं कॅरिअरवर दहा किलो वजन बांधून एक फेरी मारावी. हँडल थरथरूं लागलें तर तो सांगाडा ओझ्याच्या कामाचा नव्हे.

धातूच्या बाबतींत जाहिराती पुष्कळ बोलतात. पोलादाची घनता पाण्याच्या ७.८ पट, अॅल्युमिनियमची २.७ पट, पण अॅल्युमिनियमचा ताठपणाहि पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच असतो. म्हणून त्याच्या नळ्या फुगीर कराव्या लागतात, आणि वजनांतील बचत वाटते तितकी उरत नाहीं. सत्तर किलोचा मनुष्य, पंधरा किलोची सायकल आणि पांच किलोची पिशवी मिळून नव्वद किलो होतात. त्यांत सांगाड्याचा एक किलो वांचला तर ती बचत शेंकडा एकच्या आसपास. सपाट रस्त्यावर ती कळणारहि नाहीं. मात्र ज्याला सायकल उचलून तिसऱ्या मजल्यावर न्यावी लागते, त्याने हलक्या सांगाड्याला अधिक किंमत द्यावी, हें रास्त आहे.

पोलादाचा मोठा गुण असा कीं, तें मोडण्यापूर्वीं वांकतें, आणि मोडल्यास साधा कुशल कारागीरहि तें पितळी डागानें जोडूं शकतो. अॅल्युमिनियमचा जोड पुन्हा पूर्ववत् बळकट करण्यास उष्णतेची विशेष प्रक्रिया लागते. ती गल्लींतल्या वेल्डरपाशीं नसते. कार्बनचा सांगाडा तर रोज स्टँडांत आदळणाऱ्या सायकलीस मुळींच योग्य नव्हे, कारण त्याची आंतली चीर डोळ्यांना दिसेलच असें नाहीं. पोलादाचा शत्रु गंज, आणि तो आंतून लागतो. म्हणून पायडलाच्या आंसाखालीं पाणी निथळण्याचें भोंक असावें, गादीचा दांडा वर्षांतून एकदां काढून ग्रीस लावून बसवावा, आणि समुद्राजवळच्या गांवीं पावसाळ्यापूर्वीं नळ्यांत थोडें तेल सोडावें.

वापरलेला सांगाडा स्वस्तांत मिळाला तर तो त्याज्य समजूं नये; नव्या सामान्य सांगाड्यापेक्षां जुना उत्तम सांगाडा पुष्कळदां श्रेष्ठ ठरतो. फक्त दोन परीक्षा कराव्या. पुढच्या नळीच्या लगत खालच्या बाजूस रंगाला सुरकुती अथवा चीर असेल, तर सायकल समोरून आदळलेली आहे असें समजावें. मग एक दोरी मागच्या आंसाच्या एका टोकापासून डोक्याच्या नळीस वळसा घालून दुसऱ्या टोकापर्यंत ताणावी, आणि गादीच्या नळीपासून दोन्हीकडचें अंतर मोजावें. तें सारखें भरलें तर सांगाडा सरळ आहे. पायडलाच्या आंसाखालचा क्रमांक टिपून ठेवावा. चोरी झाल्यास ओळख पटविण्यास तो उपयोगी पडतो.

तात्पर्य, सायकल घेण्यापूर्वीं कुटुंबानें एकत्र बसून चार गोष्टी ठरवाव्या : ती कोणकोण चालविणार, तिच्यावर काय काय वाहून न्यावयाचें, ती रात्रीं कोठें राहणार, आणि ती बिघडली तर दुरुस्त कोण करणार. बहुतेक शहरी घरांना त्याचें उत्तर पोलादी, बेताच्या लांबीचा, रुंद टायर व मडगार्ड घेणारा आणि वरची नळी खालीं उतरलेला सांगाडा असें मिळेल. मग गिअर किती, रंग कोणता, हे प्रश्न दुकानांत उभ्याउभ्या सुटले तरी चालेल. दुकानांतून निघण्यापूर्वीं मात्र ती सायकल, सामान बांधून, ज्याला ती रोज चालवावयाची आहे त्यानेंच निदान पंधरा मिनिटें रस्त्यावर चालवून पाहावी.