स्वयंसेवकांची यादी आणि स्वयंसेवक

(धर्माबाद येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आज संयोजकांनी मला जो विषय दिला आहे, तो वरकरणी किरकोळ वाटेल: सेवाभावी संस्थेसाठी ऑनलाइन स्वयंसेवक कसे मिळवावेत? आपल्यापैकी पुष्कळ जण पक्षकार्याबरोबर एखादे वाचनालय, एखादी अभ्यासिका किंवा मदतकेंद्र चालवतात. माणसे मिळत नाहीत, ही या सर्वांची तक्रार आहे. आणि मोबाईलवर एक फॉर्म फिरवला की माणसे मिळतील, ही त्यांतल्या तरुणांची आशा आहे. या आशेत तथ्य किती आणि भाबडेपणा किती, हे आज तपासावयाचे आहे.

आपल्या चळवळीत माणसे पूर्वी कशी येत? १९४१ साली एस. एम. जोशी राष्ट्र सेवा दलाचे दलप्रमुख झाले, तेव्हा मुले शाखेवर आली ती बहुधा कोणा मित्राचे बोट धरून. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद मुक्तिसंग्राम लढला गेला, तेव्हा सरहद्दीवरच्या शिबिरांत तरुण गेले ते गावातल्या कोणा शिक्षकाच्या किंवा वकिलाच्या शब्दावर. या दोन्ही ठिकाणी बोलावणारा माणूस ओळखीचा होता, आणि आल्यावर काय करावयाचे हे ठरलेले होते. आता बोलावण्याचे साधन बदलले आहे. या दोन गोष्टींची गरज मात्र बदललेली नाही, एवढेच माझे आजचे म्हणणे आहे.

नव्या साधनाचे मोल मी कमी लेखत नाही. धर्माबादची मुलगी पुण्यात शिकते, मुलगा हैदराबादेत नोकरी करतो. त्यांना गावासाठी काही करावेसे वाटते, पण विचारणारे कोणी भेटत नाही. अशा माणसापर्यंत भिंतीवरचे पत्रक पोचत नाही, मोबाईल पोचतो. काही कामे तर दूर बसूनही होतात: जमाखर्च लिहिणे, अर्जांचे मसुदे करणे, तेलुगूतून मराठीत आणि मराठीतून तेलुगूत मजकूर आणणे. परंतु साधन हाती आले म्हणजे काम झाले, असे मानण्याची चूक मोठमोठ्यांनी केली आहे.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत ब्रिटनच्या आरोग्यसेवेने अडीच लाख स्वयंसेवकांसाठी आवाहन केले. आठवडाही उलटला नाही तोच साडेसात लाख लोकांनी नावे नोंदवली आणि नोंदणी तात्पुरती थांबवावी लागली. लोकांच्या सद्भावनेचे हे दर्शन थक्क करणारे होते. पण त्यांतले अनेक जण पुढे कित्येक आठवडे मोबाईल उशाशी ठेवून वाट पाहत राहिले. त्यांना काम आलेच नाही. नावे जितक्या वेगाने आली, तितक्या वेगाने कामे वाटून देणारी यंत्रणा उभी नव्हती. एवढ्या साधनसंपन्न देशात हे घडते, तर आपल्या तालुक्याच्या संस्थेने आधीच सावध असावे.

याउलट एक उदाहरण आपल्याच राज्यातले पाहा. २०१६ साली पानी फाउंडेशनने वॉटर कप स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी तीन तालुके होते आणि त्यांत मराठवाड्यातला अंबाजोगाई होता. २०१८ पर्यंत ही संख्या ७५ वर गेली. त्या वर्षी शहरांतल्या लोकांनी ‘जलमित्र’ म्हणून ऑनलाइन नावे नोंदवली आणि १ मे रोजी ते निरनिराळ्या गावांत श्रमदानाला गेले. त्या उपक्रमाच्या शास्त्रीय बाजूविषयी मतभेद आहेत, त्यांत मी आज शिरत नाही. मला लक्ष वेधायचे आहे ते क्रमाकडे. शहरातला माणूस येण्यापूर्वी गावातल्या निवडक लोकांचे प्रशिक्षण झाले होते. चर कोठे खणायचा हे ठरले होते. येणाऱ्याच्या हाती कुदळ देणारा गावकरी शिवारात उभा होता. काम आधी, माणूस मागून. हा क्रम उलटला की फक्त यादी उरते.

तेव्हा आवाहन करण्यापूर्वी काय करावे? पहिली गोष्ट, काम नेमके सांगावे. ‘समाजासाठी वेळ द्या’ या वाक्याला लोक अंगठा दाखवतात आणि पुढे सरकतात. त्याऐवजी असे लिहावे: ‘दर रविवारी सकाळी ८ ते १०, वाचनालयात, तिसरी-चौथीच्या मुलांना वाचन शिकवण्यासाठी चार जण हवे आहेत, तेलुगू बोलता येत असल्यास अधिक चांगले, तीन महिने यावे लागेल, चहा मिळेल, प्रवासखर्च मिळणार नाही.’ आपल्या या सीमेवरच्या तालुक्यात घरात तेलुगू आणि शाळेत मराठी अशी मुले कमी नाहीत. म्हणून आवाहनही मराठी, तेलुगू आणि उर्दू या तिन्ही भाषांत असावे. जे कठीण आहे ते लपवू नये. कठीण ऐकूनही जो येतो, तो टिकतो.

दुसरी गोष्ट, फॉर्म भरणाऱ्याला दोन दिवसांच्या आत कोणीतरी फोन करावा. तो फोन कोण करणार, हे फॉर्म फिरवण्यापूर्वी ठरलेले असावे. एका पूरग्रस्त मदतकार्यात मी हे जवळून पाहिले आहे. नावे इतकी आली की आम्ही हुरळून गेलो. पण फोन करायचे काम प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडले. पुढे गाळ उपसायला आले ते नेहमीचेच मोजके लोक. नंतर त्या यादीतल्या एका शिक्षिकेची बाजारात गाठ पडली. ‘मी वाट पाहिली हो, तुमचा निरोपच आला नाही,’ असे त्या म्हणाल्या. त्या पुन्हा आमचा फॉर्म भरतील असे मला वाटत नाही. आलेल्या माणसाला रिकामे ठेवणे हा त्याचा अपमान असतो.

तिसरी गोष्ट, जे मोबाईलवर नाहीत त्यांचा विचार. मिरचीच्या बाजारात राबणाऱ्या बाईच्या घरी फोन असतो. पण तो नवऱ्याच्या खिशात असतो. शेतमजुराच्या फोनचे रिचार्ज महिनाअखेर संपलेले असते. फक्त फॉर्मवर विसंबलो, तर आपले स्वयंसेवक एकाच थरातले होतील. आणि त्या थराने इतरांची सेवा करायची, अशी दात्याची व याचकाची जुनीच विभागणी नव्या रूपात उभी राहील. म्हणून फॉर्मबरोबर वाचनालयात एक वहीही असावी आणि आठवडी बाजाराच्या दिवशी ती घेऊन एकाने बसावे.

आता थोडे कडू बोलतो. जमवलेली यादी ही लोकांची ठेव आहे. पुरात मदत करण्यासाठी दिलेला फोन नंबर निवडणुकीच्या प्रचाराला वापरण्याचा मोह आपल्याला होईल. तो आपण कटाक्षाने टाळला पाहिजे. ज्या कारणासाठी माहिती दिली त्याच कारणासाठी ती वापरावी, हे तत्त्व संसदेने २०२३ साली केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यातही आहे. पण आपल्याला ते कायद्याने शिकवावे लागू नये. येथून जवळच उमरी आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी तेथील बँकेतून लढ्यासाठी पैसा नेला आणि त्या पैशाचा हिशेब चोख ठेवला. ज्या भागाने ती शिस्त पाहिली, तेथे नावांची यादी गहाळ होणे किंवा भलत्याच हाती जाणे आपल्याला शोभणार नाही. फॉर्ममध्ये नाव, गाव, फोन, मोकळा वेळ आणि येणारे काम एवढेच विचारावे. आधार क्रमांक कशाला? जात कशाला?

शेवटचा मुद्दा समाजवाद्यांनी तरी विसरू नये. सरकारने पैसे देऊन करावयाचे काम स्वयंसेवकाकडून फुकट करून घेणे, ही सेवा नव्हे. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली ती मजुरी घेऊन, आणि त्यातून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. कामाचा हक्क म्हणजे मजुरीचाही हक्क, हे महाराष्ट्राने तेव्हा मान्य केले. आज गावोगाव राबणाऱ्या आशा ताईंना सरकारदरबारी ‘स्वयंसेविका’ म्हणतात आणि त्या शब्दाआडून त्यांना वेतन नाकारले जाते. रास्त मोबदल्यासाठी त्यांना संपावर जावे लागले. म्हणून प्रत्येक आवाहनापूर्वी आपण स्वतःला विचारावे: हे काम फुकट करून घेतल्याने कोणाची मजुरी तर बुडत नाही ना? सरकारची जबाबदारी तर सुटत नाही ना?

या आठवड्यात आपण एकच करू. प्रत्येक संस्थेने आपल्याकडची तीन कामे कागदावर लिहावीत. दिवस, वेळ, ठिकाण आणि भेटणाऱ्या माणसाच्या नावासह. ती लिहिता आली नाहीत, तर आपल्याला अजून स्वयंसेवकांची गरज नाही, कामाचा विचार करण्याची गरज आहे, असे समजावे. लिहिता आली, तर खुशाल फॉर्म फिरवा. आणि पहिला फॉर्म आला की लगेच फोन उचला.