मध्येच हाक मारण्याचा अधिकार



'सुरक्षित प्रोसेसरमधील व्यत्ययांची व्यवस्था' हा आजचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. असा विषय तंत्रशाळेत शोभावा. सातारा-सांगलीच्या श्रोत्यांना त्याचे काय? आमचे उत्तर असे की, गळीत हंगामात उसाची गाडी काट्यावर चढते तेव्हा तोडणीची मजुरी टनावर ठरते, वाहतूक टनावर ठरते आणि शेतकऱ्याचे बिलही टनावरच निघते. हे टन आज सांगतो तो काट्याच्या पेटीत बसलेला नखाएवढा प्रोसेसर. त्याला मध्येच कोणी थांबवावे, आणि थांबवल्यावर त्याने काय करावे, हा म्हणूनच मजुरीचा प्रश्न आहे.

गाडीच्या भाराने काट्याखालच्या लोडसेलमधून विजेचा बारीक संकेत निघतो, त्याचा आकडा बनतो आणि आकडा तयार होताच प्रोसेसरला हाक जाते. पाहुणा आला का हे पाहण्यासाठी घडोघडी दारात जावे, ही एक रीत. आपले काम करीत राहावे आणि कडी वाजताच उठावे, ही दुसरी. या कडी वाजण्याला इंटरप्ट म्हणतात. आपण त्याला व्यत्यय म्हणू. कडी वाजल्यावर कसे वागावे, हे यंत्रात कायम भरून ठेवलेला प्रोग्रॅम सांगतो. तेच फर्मवेअर.

उदाहरणासाठी आपल्याच राज्यातला प्रोसेसर घेऊ. मुंबईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेला 'अजित' 2019 साली लोकांपुढे आला. आपल्या काट्यांत तो आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तो ज्या स्पार्क आवृत्ती 8 च्या नियमांवर चालतो, ते नियम छापील आहेत आणि कोणालाही वाचता येतात.

त्या नियमांप्रमाणे व्यत्ययांच्या 15 पायऱ्या आहेत. चालू कामाची पायरी नोंदलेली असते. तिच्याहून वरची हाक घेतली जाते, बाकीच्या थांबतात. पंधरावी मात्र पायरी पाहून अडवता येत नाही. हाक घेताच प्रोसेसर पुढच्या हाकांना दार लावतो, वरिष्ठ अधिकारात शिरतो, आधीचा अधिकार कोणता होता ते लिहून ठेवतो, नोंदींसाठी वेगळा संच उघडतो आणि सोडलेले काम कुठे होते त्याचा पत्ता त्यात टिपतो. मग 256 घरांच्या तक्त्यात पाहून ठरलेल्या घरी जातो. काम उरकले की पत्ता पाहून परत येतो, आणि मूळ कामाला मध्ये काही घडले याचा पत्ताही लागत नाही.

दार लावलेले असताना मात्र पंधरावी हाकसुद्धा ऐकू येत नाही. आणि त्याच वेळी चालू सूचनेतच काही दोष निघाला, तर प्रोसेसर जागीच थांबतो. म्हणून व्यत्ययाचे काम थोडक्यात उरकावे आणि दार लवकर उघडावे, हा पहिला धडा.

दुसरा धडा तक्त्याचा. तक्त्यातले एक घर बदलले की 'आकडा तयार' ही हाक भलत्याच प्रोग्रॅमकडे जाते, आणि तो टनामागे चार किलो गिळून बाकीचा आकडा साळसूदपणे पुढे करू शकतो. पेटीवरचे शिसे जसेच्या तसे, मजूर मात्र लुटलेला! म्हणून तक्ता हंगामी माणसाच्या हाती लागणार नाही अशा स्मृतीत असावा, आणि यंत्र सुरू होताच फर्मवेअरची सही तपासली जावी. सही जुळली नाही तर काट्याने आकडाच दाखवू नये.

तिसरा धडा गुपिताचा. सहीची किल्ली हाताळताना हाक आली आणि प्रोसेसर खालच्या अधिकाराच्या प्रोग्रॅमकडे वळला, तर आधी नोंदी पुसाव्यात. नाहीतर तिजोरी उघडी टाकून दार उघडायला जाण्यासारखे होईल. एवढ्यानेही भागत नाही. बेल्जियमच्या लूव्हेन विद्यापीठातील संशोधकांनी 2018 साली 'नेमेसिस' या नावाने दाखवून दिले की, हाक घ्यायला किती उशीर लागला हे मोजूनही आत कोणती सूचना चालू होती याचा माग लागतो. कारण हातातली सूचना संपवूनच प्रोसेसर वळतो. त्यावर उपाय असा की, दर वेळी सारखाच उशीर व्हावा एवढी भर घालायची. खोटेपणाला किती बारीक फट पुरते पाहा!

कामगार चळवळीला हे नवे नाही. चालत्या यंत्राची शक्ती संकटात तोडण्याचे साधन प्रत्येक कामखोलीत असावे, हे 1948 च्या कारखाने कायद्याच्या 24 व्या कलमाने घातले, तेव्हा कामाहून वरची एक हाक मान्य झाली होती. थांबवण्याचा अधिकार कोणाला, त्याची पायरी कोणती, आणि थांबवलेले काम इमानाने पुन्हा सुरू कसे करावे, हे ठरलेले नसेल तिथे बळी तो कान पिळी.

म्हणून आमचे मागणे एवढेच आहे. काट्याची पडताळणी होते तेव्हा वजने ठेवून पाहतात, ती पाहावीतच. पण त्याच वेळी आतले फर्मवेअर मंजूर झालेलेच आहे ना, हेही पडताळावे, आणि ते शेतकरी आणि तोडणी कामगारांच्या प्रतिनिधींसमोर पडताळावे. ज्याच्या घामाचे वजन होते त्याला कडी वाजवण्याचा अधिकार हवा, आणि वाजवलेली कडी आत ऐकू गेली याची खात्रीही हवी.