रूप जीपचे, घडण मोटारीची



महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील शासकीय कामकाजाचा इतिहास जीपगाडीला वगळून लिहिता येणार नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्र आणि महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्यानंतर कित्येक दशके तहसील कचेरी असो की पंचायत समिती, आवारात जीप उभी असावयाचीच. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले आणि जुन्या गाड्या सेवेतून जाऊ लागल्या. दुसरीकडे गावोगावी छोटेखानी क्रॉसओव्हर गाड्यांची वर्दळ वाढली. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे २०१७ पासून तयार होणारी नेक्सॉन किंवा नाशिक येथे २०१९ पासून तयार होऊ लागलेली एक्सयूव्ही ३०० ही या जातीची परिचित उदाहरणे होत.

या गाडीची लांबी चार मीटरच्या आत असते. पेट्रोल इंजिन १,२०० घनसेंटिमीटरपर्यंत आणि डिझेल इंजिन १,५०० घनसेंटिमीटरपर्यंत असले, की तिला लहान मोटारीच्या करसवलतीचा लाभ मिळतो. उंच बांधा आणि ऐटबाज तोंडवळा यांमुळे ती जीपच्या कुळातील वाटते. परंतु तिची घडण मोटारीची आहे. जुन्या जीपला शिडीसारखी पोलादी चौकट असे व तिच्यावर वरचा सांगाडा बसविलेला असे. क्रॉसओव्हरमध्ये अशी स्वतंत्र चौकट नसते. संपूर्ण सांगाडाच भार पेलतो. बहुतेक गाड्यांत इंजिनाची शक्ती केवळ पुढील दोन चाकांना मिळते. या गाडीच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ, तिला जीप समजून वागविण्यात आहे.

किलोमीटर आणि महिने

प्रत्येक गाडीबरोबर मालकपुस्तिका मिळते. तिच्यातील देखभालीच्या तक्त्यात ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, यांपैकी जे आधी होईल ते’ अशी अट असते. इंजिन तेलासाठी ही मर्यादा बहुधा १०,००० ते १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष अशी आढळते. अनेक जण पहिला भाग वाचतात आणि दुसरा विसरतात. वर्षाकाठी चार हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे तेलही एका वर्षाने बदलावयाचे असते. कारण तेल जसे धावण्याने खराब होते, तसे ते ओलावा आणि जळणाचा अंश मिसळल्यानेही होते.

याच तक्त्यात ‘कठीण परिस्थिती’ अशी एक नोंद असते. धुळीचे रस्ते, सततचा चढउतार, वारंवारचे लहान प्रवास, कडक उन्हातील संथ वाहतूक ही तिची लक्षणे. मराठवाड्यातील धुळीचा शिवाररस्ता किंवा सह्याद्रीतील घाट यांना ही व्याख्या तंतोतंत लागू पडते. अशा ठिकाणी हवेची गाळणी आणि तेल ठरल्यापेक्षा लवकर बदलावे. गाळणी चोंदली, की इंजिनाचा दम कोंडतो व जळण अधिक लागते.

न दिसणारी झीज

ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ या प्रतीचे नवे तेल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते. पाणी शोषल्यानंतर तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. लांब घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवल्यास हे तेल उकळून नळीत वाफ धरते आणि पाय टाकला तरी गाडी थांबत नाही. म्हणून हे तेल साधारणतः दोन वर्षांनी बदलावे आणि उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावी.

रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे पाणी ओतण्याची सवय जीपच्या काळातील होय. त्यातील क्षारांचे थर नळ्यांत बसतात. उत्पादकाने सांगितलेले कूलंट थंडीपुरते नसून, गंज रोखणे व पाण्याचा उत्कलनबिंदू वाढविणे ही कामेही ते करते. इंजिन तापलेले असताना टाकीचे झाकण कदापि उघडू नये.

टायरमधील हवा गाडी थंड असताना तपासावी. योग्य दाब किती, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर बहुधा छापलेले असते. टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी झाली, तर टायर कायद्याने बाद ठरतो. टायरच्या अंगावरील चार आकड्यांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि पुढील दोन वर्ष सांगतात. स्टेपनी वर्षानुवर्षे न वापरताही म्हातारी होते, हे त्यावरून ध्यानात येते.

नेहमीच्या तक्रारी

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ मानकानंतर डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळीची गाळणी आली. साठलेली काजळी सुमारे ६०० अंश उष्णतेत जळून जाते. परंतु गाडी रोज घर ते शाळा अशी तीन-चार किलोमीटरच धावली, तर तेवढी उष्णता निर्माण होत नाही. गाळणी भरते, दिवा लागतो आणि गाडी ओढत नाही. दिवा लागताच मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने गाडी चालविल्यास बहुधा काम भागते. दुर्लक्ष केल्यास खर्च फार मोठा येतो. अशा इंजिनात कमी राख देणारे, पुस्तिकेत नमूद केलेलेच तेल घालावे. ज्याचा प्रवास सदैव तुटक असतो, त्याने खरेदीच्या वेळीच पेट्रोलचा विचार करणे शहाणपणाचे.

दुसरी तक्रार क्लचची. काही स्वयंचलित गाड्यांत क्लच असतोच. केवळ तो दाबण्याचे काम यंत्र करते. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरच्या आधाराने गाडी तोलून धरल्यास तो क्लच तापतो व झिजतो. तिसरी तक्रार सस्पेन्शनमधील रबरी बुश व सांध्यांची. त्यांची खडखड खड्ड्यांइतकीच जादा भारामुळे उद्भवते. पाच प्रौढांचे वजन प्रत्येकी ७५ किलो धरले, तरी ३७५ किलो होतात; त्यावर पोत्यांना फारशी जागा उरत नाही. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेचा गंज ही चौथी तक्रार. तेथे पावसाळ्यानंतर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुऊन तपासून घ्यावा.

पुढे लोखंडी गार्ड बसविण्याची हौसही जीपच्या काळातली. धडकेचा आघात शोषण्याची गाडीची रचना आणि एअरबॅग उघडण्याची वेळ यांत त्यामुळे बाधा येते. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असे गार्ड बेकायदेशीर असल्याचे राज्यांना कळविले आहे.

फरशी पुलावरील हिशेब

सर्वांत महाग पडणारा गैरसमज मात्र पावसाळ्यात उघडा पडतो. गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची सुमारे २०० मिलिमीटर आहे, एवढ्या भरवशावर चालक पाण्याखालील फरशी पुलावर गाडी घालतो. येथे एक ढोबळ हिशेब करून पाहावा. गाडीच्या तळाचे क्षेत्रफळ अंदाजे सहा चौरस मीटर धरले, तर पाणी तळाच्या वर दर १० सेंटिमीटर चढताच सुमारे ६०० किलोची उचल निर्माण होते. गाडीचे वजन १,२०० किलोच्या आसपास. म्हणजे पाणी तळाच्या वर २० सेंटिमीटर, अर्थात रस्त्यापासून सुमारे ४० सेंटिमीटर झाले, की आत पाणी शिरण्यापूर्वी गाडी तरंगू शकते. चाकांची पकड तर त्याच्या कितीतरी आधी सुटते. वेगाने वाहणारे फूटभर पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते, आणि दोन फूट पाण्यापुढे मोठ्या गाड्यांचाही निभाव लागत नाही. चार चाकांना शक्ती देणारी यंत्रणा असली, तरी तरंगत्या गाडीला तिचा उपयोग नाही.

साचलेल्या पाण्यातही धोका आहेच. हवेच्या वाटेने पाणी इंजिनात गेले, तर ते हवेसारखे दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. ती ओढून बाहेर काढावी.

लॉगबुकातील चार रकाने

शासकीय वाहनाच्या लॉगबुकात प्रवासाची नोंद कटाक्षाने होते. त्याच वहीत इंजिन तेल, ब्रेक तेल, टायर आणि कूलंट असे चार रकाने आखून, प्रत्येकात शेवटच्या कामाची तारीख, किलोमीटरचा आकडा व पुढील मुदत लिहिल्यास अर्धी निगा आपोआप घडेल. चालक बदलला, अधिकारी बदलला, तरी वही बोलत राहील. खासगी मालकालाही ही पद्धत तितकीच उपयोगाची आहे.

ग्रामपंचायतींना याहून मोठे काम करता येईल. गावच्या फरशी पुलाच्या दोन्ही टोकांना पाण्याची खोली दाखविणारे खांब रंगवून उभे करावेत आणि ठराविक खुणेवर पाणी चढताच रस्ता बंद ठेवावा. तालुक्याहून परतणारा शिक्षक असो वा रुग्णाला घेऊन निघालेला शेजारी, अंधारात त्याला पाण्याची खोली सांगणारे दुसरे साधन नसते. गाडीची दुरुस्ती करता येते, प्रसंगी नवीही घेता येते. पाण्याने नेलेला माणूस परत आणता येत नाही.