संगणकावरील तोतया खंडणी



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही त्या विषयांना रजा दिली आहे. आपल्या चऱ्होलीत आता कितीतरी घरांत संगणक दिसतो. भोसरीला नाही तर चाकणला पाळी करणाऱ्या माणसाने तो हप्त्याने घेतलेला असतो. मुलीचा अभ्यास, लग्नाचे फोटो, घरकर्जाचे कागद, सारे त्यातच. एखाद्या रात्री पडद्यावर तांबडी पाटी झळकते, ‘तुमचा संगणक बंद करण्यात आला आहे, पैसे भरा.’ भोंगा वाजू लागतो. बाण दिसेनासा होतो. अशा वेळी घरातल्या माणसाने काय करावे, एवढाच आजचा विषय.

खरी खंडणी कशी असते ते आधी पाहू, म्हणजे खोटी ओळखता येईल. डिसेंबर १९८९ मध्ये जोसेफ पॉप नावाच्या एका अमेरिकन विद्वानाने, एड्स रोगाची माहिती म्हणून, सुमारे वीस हजार फ्लॉपी टपालाने जगभर धाडल्या. संगणक नव्वदएक वेळा चालू केला की फायलींची नावे गुप्त लिपीत जात, आणि पनामातील एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवा असा हुकूम येई. गंमत अशी की फायलींच्या आतला मजकूर शाबूतच राही. पुढची मंडळी अधिक पक्की निघाली. मे २०१७ मधील वॉनाक्रायने मजकुरालाच कुलूप घातले. लगेच जूनमध्ये तसल्याच एका हल्ल्याने मर्स्क कंपनीचे व्यवहार जगभर ठप्प केले, आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातील तिच्या टर्मिनलचेही काम अडले. त्या हल्ल्यात तर पैसे भरूनही फायली परत मिळण्याची सोय मुळातच नव्हती. खंडणी हे नुसते सोंग होते.

आता घरच्या संगणकावर येणारा प्रकार पाहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. अश्लील चित्रे पाहिल्याबद्दल तीन हजार रुपये दंड भरा, अशी पोलिसांच्या नावाची खोटी नोटीस ती लोकांच्या पडद्यावर झळकवीत असे. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला तेव्हा चांगली शहाणीसुरती माणसे फसली होती. मग राजमुद्रेचे चित्र आणि लाल अक्षरे पाहून आमचा मोल्डर घाबरला तर त्याला हसू नये. असे एक वयस्कर बंधू आमच्या कचेरीत आले होते. मुलाला कळेल या लाजेने त्यांनी घरात कोणाला सांगितले नाही, आणि ठेव मोडायची तयारी केली. त्यांच्या संगणकातील एकाही फायलीला धक्का लागलेला नव्हता! कंत्राटदार कामगाराला एकट्याला केबिनमध्ये बोलावून कोऱ्या कागदावर सही मागतो, तीच ही रीत. म्हणून पहिला उपाय हाच, की पाटी दिसताच शेजारच्या माणसाला हाक मारावी. कोणतेही पोलीस खाते पडद्यावर पाटी लावून दंड वसूल करीत नाही. पाटीवर फोन नंबर असेल तर ती खोटीच समजा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो.

ही पाटी म्हणजे बहुधा इंटरनेटचे एक साधे पान असते. ते सगळा पडदा व्यापते, बाण लपविते आणि आवाज करते. एस्केपची कळ काही सेकंद दाबून धरावी, म्हणजे पान आक्रसते. मग ते बंद करावे. न जमल्यास कंट्रोल, आल्ट व डिलीट या कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ब्राउझर संपवावा. तेही न साधले तर वीजेचे बटण दहाएक सेकंद दाबून धरावे. पुन्हा चालू केल्यावर ‘आधीची पाने उघडू का?’ असे ब्राउझर विचारतो, त्याला नकार द्यावा. नंतर आपल्या फायली उघडून पाहाव्यात. त्या नेहमीसारख्या उघडल्या तर पाटी तोतया होती. नावांना विचित्र शेपट्या लागल्या आहेत, काहीच उघडत नाही, प्रत्येक फोल्डरात चिठ्ठी ठेवली आहे, असे दिसले तर प्रकरण खरे. नेट ताबडतोब तोडावे आणि जाणत्याला गाठावे.

पाटी खोटी असली तरी झाडलोट करावी. कोणत्या संकेतस्थळांना सूचना पाठविण्याची मुभा दिली आहे ते ब्राउझरात पाहून अनोळखी नावे काढावीत, नकळत आलेले प्रोग्रॅम उडवावेत, आणि विंडोजमधील डिफेंडरकडून ऑफलाइन तपासणी करवावी.

नंबरावर फोन करून बसला असाल तर काम वाढते. पलीकडचा गोडबोल्या एनीडेस्कसारखा प्रोग्रॅम घ्यायला लावतो आणि संगणकाच्या नोंदवहीतल्या लाल खुणा दाखवितो. त्या खुणा धडधाकट यंत्रातही असतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडला छापा घातला, तेव्हा अमेरिकन करखात्याचे अधिकारी म्हणून बोलणारी शेकडो तरुण मुले सापडली. लिहून दिलेले वाचायचे आणि पगार घ्यायचा. हाही एक कारखानाच, आणि त्याच्या मालकाविषयी आम्हाला दया नाही. अशा माणसाला यंत्रात शिरू दिले असेल तर नेट तोडावे, तो प्रोग्रॅम काढावा, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलावेत. पैसे गेले असतील तर आधी १९३० या क्रमांकावर आणि बँकेला कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत अडविण्याची शक्यता अधिक.

राहिली फायलींची प्रत. ती वेगळ्या डिस्कवर काढावी आणि काम झाले की डिस्क सोडवून कपाटात ठेवावी. यंत्राला जोडून ठेवलेली प्रत खऱ्या खंडणीखोराच्या हाती मूळ फायलींबरोबरच जाते.